शेजाऱ्याच्या बिलाला धक्का न लावता: अमेरिकेतल्या ग्रामीण वीज संस्थांचे सामुदायिक सौर प्रकल्प

१९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या शहरांमध्ये दहापैकी नऊ घरांत वीज होती, आणि शेतावरच्या दहापैकी नऊ घरांत नव्हती. मैलभर तार ओढून दोन-तीनच गिऱ्हाइके मिळणार असतील, तर खाजगी वीज कंपन्या तिकडे फिरकत नसत. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ११ मे १९३५ रोजी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. सरकारकडून कमी व्याजाचे कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी आपापल्या सहकारी वीज संस्था काढल्या आणि खांब रोवले. आज अशा सुमारे ९०० संस्था आहेत. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना त्या वीज देतात आणि देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग त्यांच्या तारांखाली आहे. त्यांच्या तारेच्या एका मैलावर सरासरी आठच जोडण्या असतात. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पेच त्यातून येतो.

या संस्थांमध्ये वीज घेणारा प्रत्येकजण सभासद असतो. घर लहान असो की मोठे, मत एकच. संचालक मंडळ सभासद निवडतात. वर्षाअखेर उरलेला पैसा सभासदांच्या नावे भांडवल म्हणून जमा होतो आणि काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने परत मिळतो. बाहेरचा भागधारक कोणी नाही. म्हणजे संस्थेने एका सभासदाला सवलत दिली, तर ती कोणत्याही कंपनीच्या नफ्यातून येत नाही. ती दुसऱ्या सभासदाच्या बिलातून येते. सामुदायिक सौर प्रकल्पाचा विचार करताना ही गोष्ट डोळ्यांआड झाली, की गणित बिघडते.

सामुदायिक सौर प्रकल्प म्हणजे काय? स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवणे अनेकांना जमत नाही. कोणी भाड्याने राहतो, कोणाच्या घरावर झाडांची दाट सावली असते, कोणाचे छप्पर जुने असते, कोणाकडे एकरकमी पैसे नसतात. अशांसाठी संस्था एका मोकळ्या जागेत शेकडो किंवा हजारो पॅनेल उभारते. सभासद त्यातला वाटा घेतात. कोणी एक पॅनेल विकत घेतो, कोणी दर महिन्याला ठरावीक रक्कम भरून ठरावीक युनिटांचा हिस्सा घेतो. त्या वाट्याची जेवढी वीज तयार झाली, तेवढे पैसे त्याच्या बिलातून वजा होतात. प्रत्यक्षात सगळी वीज एकाच जाळ्यात जाते; वाटणी फक्त हिशेबाच्या वहीत होते. सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक २०१०मध्ये कोलोरॅडोत एल जेबेलजवळ उभा राहिला. होली क्रॉस एनर्जी या संस्थेच्या जाळ्याला जोडलेला तो प्रकल्प अवघा ७८ किलोवॅटचा होता.

एकत्र उभारण्याचा फायदा उघड आहे. जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात दर वॅटमागचा खर्च घराच्या छपरापेक्षा बराच कमी येतो. पॅनेलचे तोंड योग्य दिशेला ठेवता येते. सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळणारे सांगाडे वापरले तर वीज आणखी वाढते. आणि देखभाल करणारी माणसे संस्थेकडे आधीच असतात. यंत्रसामग्रीची बाजू एवढी अवघड नाही. अवघड आहेत ती कागदपत्रे, आणि त्यांतही आधी वाचायचा कागद म्हणजे घाऊक वीज खरेदीचा करार.

आधी करार वाचा

गावपातळीवरच्या बहुतेक संस्था स्वतः वीज तयार करत नाहीत. त्या फक्त वाटप करतात. अनेक वाटप संस्थांनी मिळून आणखी एक मोठी सहकारी संस्था काढलेली असते. ती वीज निर्माण करते आणि उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून पोहोचवते. या मोठ्या संस्थेने वीज केंद्रे उभारायला अब्जावधी डॉलरचे कर्ज काढलेले असते. कर्ज देणाऱ्याला खात्री हवी असते, म्हणून वाटप संस्था दीर्घ मुदतीच्या करारात लिहून देतात की आम्हाला लागणारी सगळी, किंवा जवळपास सगळी, वीज तुमच्याकडूनच घेऊ.

कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, वायोमिंग आणि नेब्रास्का भागातली ट्रायस्टेट ही अशीच मोठी संस्था. तिचे बहुतेक करार २०५०पर्यंतचे होते आणि सभासद संस्थेला स्वतःची वीज फक्त पाच टक्क्यांपर्यंत तयार करता येत असे. सौरऊर्जा स्वस्त होऊ लागली तशी ही मर्यादा टोचू लागली. कोलोरॅडोतल्या डेल्टा-माँट्रोझ संस्थेने वेगळी वाट धरली. १९७८च्या एका संघीय कायद्यानुसार पात्र छोट्या वीज केंद्रांची वीज घेणे वीज संस्थांवर बंधनकारक आहे. करारात काहीही लिहिलेले असले तरी हे बंधन लागू होते, असा निर्णय संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१५मध्ये दिला. न्यू मेक्सिकोतल्या टाओसची किट कार्सन संस्था त्याहून पुढे गेली. २०१६मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलर मोजून ती करारातून बाहेर पडली आणि २०२२पर्यंत ऊन असलेल्या दिवशी दिवसाची सगळी गरज सौरऊर्जेतून भागवण्यापर्यंत पोहोचली. डेल्टा-माँट्रोझही २०२०मध्ये बाहेर पडली. नंतर ट्रायस्टेटनेही ही मर्यादा सैल करणारे पर्याय आणले.

प्रत्येक संस्थेने करार तोडावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. बाहेर पडण्याची किंमतही शेवटी सभासदच भरतात. पण करारात किती टक्के मोकळीक आहे, ती आधीच वापरून संपली आहे का, आणि प्रकल्प मोठ्या संस्थेनेच उभारून वीज आपल्याला दिली तर चालेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे हातात येईपर्यंत जागा बघायला निघू नये. काही मोठ्या संस्था स्वतःच आनंदाने असे प्रकल्प उभारून देतात.

एका युनिटची किंमत किती धरायची

आता खरा प्रश्न. सभासदाच्या वाट्याच्या एका युनिटमागे बिलातून किती सेंट वजा करायचे?

समजा, एका संस्थेचा घरगुती दर युनिटला १२ सेंट आहे. त्यातले ५ सेंट विजेच्या घाऊक खरेदीचे. आणखी ३ सेंट मागणी आकारापोटी मोठ्या संस्थेला जातात. उरलेले ४ सेंट खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, वादळानंतर रात्री बाहेर पडणारे लाइनमन, कार्यालय आणि कर्जाचे हप्ते यांसाठी. सौर प्रकल्पातून एक युनिट आले की संस्थेचे नक्की काय वाचले? घाऊक खरेदीचे ५ सेंट नक्की वाचले. खांब आणि तारांचे ४ सेंट मुळीच वाचले नाहीत, कारण ते खांब आहेत तिथेच उभे आहेत. मैलामागे आठ जोडण्या असलेल्या संस्थेत हा खर्च शहरापेक्षा जड असतो.

मधले ३ सेंट मात्र घड्याळावर अवलंबून आहेत. मोठी संस्था मागणी आकार बहुधा त्या एका तासावरून लावते, ज्या तासात महिन्यातला सगळ्यात जास्त भार असतो. तो तास उन्हाळ्यात दुपारी चारचा असेल, तर सौर प्रकल्प मोठी बचत करून देतो. थंडीत विजेवर घर तापवणाऱ्या भागात तो तास सकाळी सातच्या आसपास येतो. तेव्हा सूर्य जेमतेम उगवलेला असतो आणि प्रकल्प काहीच वाचवत नाही. उन्हाळ्याचा भारही हळूहळू संध्याकाळकडे सरकतो, कारण दुपारची गरज सौरऊर्जेनेच भागलेली असते. म्हणून पॅनेल पश्चिमेकडे वळती ठेवणे किंवा सोबत बॅटरी बसवणे याचा हिशेब प्रत्येक संस्थेने स्वतःच्या भाराच्या नोंदी काढूनच करायला हवा. शेजारच्या संस्थेचे उत्तर इथे चालत नाही.

तर आपल्या उदाहरणात एका सौर युनिटची संस्थेला खरी किंमत ६ सेंटच्या आसपास आली असे धरू. सभासदाने ४०० वॅटचे एक पॅनेल घेतले. चांगल्या उन्हाच्या जागी एका किलोवॅटमागे वर्षाला सुमारे १५०० युनिट मिळतात, म्हणजे या पॅनेलचे ६०० युनिट. पॅनेलच्या वाट्याची किंमत ८०० डॉलर असेल, तर १२ सेंटच्या दराने वर्षाला ७२ डॉलर वजा होतील आणि ११ वर्षांत पैसे वसूल होतील. ६ सेंटच्या दराने ३६ डॉलर मिळतील आणि २२ वर्षे लागतील. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे धरतात आणि दरवर्षी त्याची निर्मिती किंचित घटते. २२ वर्षांची परतफेड ऐकून बहुतेक लोक अर्ज खाली ठेवतील.

मग १२ सेंट का देऊ नयेत? एक मेगावॅटचा, म्हणजे हजार किलोवॅटचा, प्रकल्प असेल तर वर्षाला १५ लाख युनिट. प्रत्येक युनिटला ६ सेंट जास्त दिले तर वर्षाला ९० हजार डॉलरची खोट. वाटा न घेतलेले १० हजार सभासद असतील तर प्रत्येकावर वर्षाला ९ डॉलर. रक्कम छोटी आहे, हे खरे. पण ती कोण भरतो ते पाहा. ८०० डॉलर एकरकमी देऊ शकणाऱ्या सभासदासाठी ती भरतो तो, ज्याला ते परवडले नाहीत. सहकारी संस्थेने हे जाणूनबुजून करू नये असे माझे ठाम मत आहे. करायचेच असेल, तर सर्वसाधारण सभेत आकडा सांगून करावे.

या पेचातून बाहेर पडण्याचा एक सुंदर मार्ग मिनेसोटातल्या स्टील-वासेका संस्थेने काढला. २०१५च्या सुमारास त्यांनी ४१० वॅटची २५० पॅनेल, म्हणजे १०२.५ किलोवॅटचा प्रकल्प उभारला. पॅनेलची किंमत होती १२२५ डॉलर. पण सभासदाने पाणी तापवण्याची १०५ गॅलनची मोठी विजेची टाकी बसवून घेतली, तर टाकी फुकट आणि पहिले पॅनेल १७० डॉलरला. अट एवढीच की टाकी दिवसातले १६ तास बंद राहील आणि रात्रीच्या आठ तासांत पाणी तापवून ठेवेल. मोठ्या टाकीत पाणी दिवसभर गरम राहते, त्यामुळे घरच्यांना फरक जाणवत नाही. संस्थेला मात्र महागड्या वेळची मागणी कमी झाल्याने पैसे वाचतात, रात्रीची स्वस्त वीज विकली जाते, आणि त्या बचतीतून पॅनेलची सवलत निघते. शेजाऱ्याच्या बिलाला हात लावावा लागत नाही. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सवलतीचा पैसा कुठून येतो ते कोणत्याही सभासदाला दोन वाक्यांत सांगता येते.

मालक कोण, आणि करसवलत कोणाची

अमेरिकेत सौर प्रकल्पाच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत संघीय करसवलत मिळत आली आहे. पण ८५ टक्के उत्पन्न सभासदांकडून येणाऱ्या वीज संस्था आयकरातून मुक्त असतात. ज्याला कर नाही, त्याला करसवलतीचा उपयोग काय? त्यामुळे वर्षानुवर्षे बाहेरची कंपनी प्रकल्प उभारायची, सवलत स्वतः घ्यायची आणि संस्थेला २०-२५ वर्षे ठरलेल्या दराने वीज विकायची. काही संस्थांनी भाडेपट्ट्याचे किंवा काही वर्षांनी मालकी फिरवून घेण्याचे करार केले. अशा करारांसाठी लागणाऱ्या वकिलांचा खर्च लहान प्रकल्पाला झेपत नसे. म्हणूनच २०१३पासून ग्रामीण वीज संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने ऊर्जा खात्याच्या मदतीने सुंदा नावाचा उपक्रम चालवला आणि तयार आराखडे, विम्याचे आणि कर्जाचे नमुने सगळ्यांना खुले केले. प्रत्येक लहान संस्थेला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू होता.

ऑगस्ट २०२२च्या कायद्याने चित्र पालटले. करमुक्त संस्थांना तेवढीच रक्कम सरकारकडून थेट मिळू लागली. आपल्या उदाहरणातले ८०० डॉलरचे पॅनेल त्यामुळे ५६० डॉलरवर येते आणि ६ सेंटच्या प्रामाणिक दरानेही परतफेड २२वरून साडेपंधरा वर्षांवर येते. याच कायद्यातून ग्रामीण वीज संस्थांसाठी ९७० कोटी डॉलरचा वेगळा निधीही निघाला. एक मेगावॅटपेक्षा लहान प्रकल्पांना मजुरीच्या दराच्या अटी आणि थेट रकमेसाठीची देशी मालाची अट यांतून सूट आहे. लहान संस्थेने एक मेगावॅटच्या किंचित खाली राहण्याचा विचार करावा, तो यासाठी.

जुलै २०२५च्या कायद्याने मात्र मुदत आणली. सौर प्रकल्पाचे बांधकाम ४ जुलै २०२६पर्यंत सुरू झालेले असावे. ते जमले नाही तर प्रकल्प २०२७ संपण्याआधी चालू झाला पाहिजे. चीनसारख्या ठरावीक देशांशी जोडलेल्या मालावरही नवी बंधने आली. म्हणून आता योजना आखणाऱ्या संचालक मंडळाने दोन हिशेब मांडावेत, एक सवलत धरून आणि एक सोडून. दुसऱ्या हिशेबात प्रकल्प तगत नसेल, तर सभासदांना दर जाहीर करण्याची घाई करू नये.

जागा

एका मेगावॅटला साधारण पाच ते सात एकर लागतात. जमीन स्वस्त असणे पुरेसे नाही. ती तीन-फेज वाहिनीजवळ आणि शक्यतो उपकेंद्राजवळ हवी. ग्रामीण जाळ्यात लांबच लांब एक-फेज वाहिन्या असतात आणि त्यांवर मोठा प्रकल्प जोडता येत नाही. वाहिनी वाढवायला निघाले, तर प्रकल्पाचे अंदाजपत्रक तिथेच कोलमडते. वसंतातल्या एखाद्या थंड, लख्ख दुपारी भार सगळ्यात कमी आणि निर्मिती जोरात असते. तेव्हा वीज उपकेंद्रातून उलटी वर जाते का, व्होल्टेज किती चढते, हे अभियंत्याने आधी तपासायचे असते. संस्थेच्या मालकीची उपकेंद्राशेजारची पडीक जागा बहुतेक वेळा सगळ्यात उत्तम ठरते. काउंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाची) परवानगी, पाणथळ जमीन, गारपिटीचा विमा, गवत कापण्याचा खर्च हे सगळे ओघाने येतेच. गवतासाठी अनेक ठिकाणी पॅनेलखाली मेंढ्या चारतात.

सभासदाला काय सांगायचे, काय नाही

माहितीपत्रकात 'गुंतवणूक करा, नफा मिळवा' असे शब्द आले, की प्रकरण रोखे कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६च्या हावी खटल्यात, फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागांचे तुकडे विकण्याच्या प्रकरणात, ही कसोटी घालून दिली: लोक सामाईक उपक्रमात पैसे घालून दुसऱ्याच्या कष्टातून नफ्याची अपेक्षा करत असतील, तर तो गुंतवणूक करार. म्हणून वाटा स्वतःच्या वापरापुरताच मर्यादित ठेवतात, फायदा फक्त बिलातल्या वजावटीने देतात आणि रोख परतावा देत नाहीत.

दुसरी खबरदारी हरित प्रमाणपत्रांची. सौर विजेच्या प्रत्येक हजार युनिटांमागे एक प्रमाणपत्र तयार होते. ते ज्याच्याकडे, त्यालाच ती सौर वीज आपली म्हणता येते, आणि ते विजेपासून वेगळे विकता येते. संस्थेने ती बाहेर विकली, तर 'तुम्ही सौरऊर्जा वापरता' असे सभासदांना सांगणे ही संघीय व्यापार आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिशाभूल ठरते. प्रमाणपत्रे विकून दर कमी करणे गैर नाही, पण मग तसे स्पष्ट सांगावे. बरेच सभासद पर्यावरणासाठी वाटा घेतात. त्यांना हे नंतर कळले तर विश्वास जातो, आणि सहकारी संस्थेकडे विश्वासाइतके मोठे भांडवल दुसरे नाही.

पाहणीत 'आवडेल' म्हणणारे आणि प्रत्यक्ष धनादेश देणारे यांत मोठी तफावत पडते. त्यामुळे छोटी अनामत घेऊन यादी करावी, पहिला टप्पा लहान ठेवावा आणि यादी भरली की वाढवावे. न विकलेल्या पॅनेलची वीज संस्था सगळ्यांसाठी वापरू शकते, म्हणून खर्च घाऊक दराच्या जवळपास असेल तर रिकामे वाटे फारसे जड जात नाहीत. सभासद संस्थेच्या क्षेत्रात घर बदलेल तेव्हा वाटा त्याच्याबरोबर जावा, क्षेत्राबाहेर जाईल तेव्हा दुसऱ्याला देता यावा किंवा संस्थेने उरलेल्या किमतीला परत घ्यावा, हे पहिल्याच करारात लिहिलेले हवे. पॅनेलची वीज जाळ्याला जुळेल अशी करणारे इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतात. तो खर्च कोणाचा हेही तिथेच लिहावे.

कमी उत्पन्नाच्या सभासदांसाठी एकरकमी पॅनेल विक्री जवळपास निरुपयोगी आहे. त्यांना मासिक वाटा हवा, तोही पतपडताळणीशिवाय आणि पहिल्या महिन्यापासून बिल थोडे का होईना उतरवणारा. वर आलेल्या ६ सेंटच्या उदाहरणात हे स्वतःहून बसत नाही. त्यासाठी अनुदान, टाकीसारखी बचत किंवा इतर सभासदांनी स्वेच्छेने दिलेले वाटे लागतात. राष्ट्रीय संघटनेने सुंदानंतर या गटासाठी वेगळा उपक्रम हाती घेतला. संचालक मंडळाने पहिल्या टप्प्यातले काही वाटे या सभासदांसाठी आधीच बाजूला काढून ठेवावेत आणि मग उरलेले विकायला काढावेत. उलट क्रमाने गेले तर त्यांच्यासाठी काही उरत नाही.